‘समजलं ना?’ ‘हो’

‘दोन गोळ्या, दिवसातून दोनदा.’ औषधाच्या बाटलीवरची ही सूचना समजायला किती अवघड असेल? अमेरिकेत 395 रुग्णांना बाटल्या दाखवून हेच पाहिलं गेलं. अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. वाचता येणं कच्चं असलेल्या रुग्णांपैकी जवळपास 71 टक्के लोकांनी सूचना बरोबर सांगितली. मग दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवायला सांगितल्या, तेव्हा चार गोळ्या काढणारे जेमतेम 35 टक्के निघाले.

सूचना तोंडाने सांगता आली म्हणजे ती हाताने पाळता येईलच असं नाही. आरोग्य साक्षरता म्हणतात ती नेमकी इथे लागते: डॉक्टरांचं बोलणं, चिठ्ठी, रिपोर्ट हे सगळं समजून घेऊन घरी त्याप्रमाणे वागता येणं. शाळा शिकल्याने ती आपोआप येत नाही. सकाळची उपाशीपोटीची साखर चांगली आणि ‘एचबीएवनसी’ ही मधुमेहाची दुसरी रक्ततपासणी मात्र 9 टक्के, म्हणजे बरीच जास्त, असा रिपोर्ट पाहून पदवीधर माणूसही ‘लॅबची चूक असेल’ म्हणतो. चूक नसते. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि या पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्यामुळे या आकड्यात गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो. तपासणीच्या आधी दोन दिवस पथ्य पाळलं की उपाशीपोटीची साखर खाली येईल, हा आकडा नाही येणार. एवढं कुणी समजावलं तर रिपोर्टची भीती जाऊन त्याचा उपयोग सुरू होतो.

मला वाटतं, दीर्घ आजारात घोटाळ्याचं मूळ आणखी खोल असतं. औषध म्हणजे काय, हे आपण सगळे लहानपणी तापातून शिकलो. दुखलं की गोळी, बरं वाटलं की गोळी बंद. रक्तदाब, मधुमेह, दमा यांत हा हिशेब चालतच नाही. रक्तदाब बहुतेकदा जाणवत नाही. दम्यात बरं वाटतं ते औषध चालू आहे म्हणून. अशा वेळी गोळी सोडणारा माणूस बेफिकीर नसतो. आयुष्यभर ज्या नियमाने वागला, त्याच नियमाने तो वागत असतो. त्याला रागावून काय साधणार? जुना नियम इथे का लागू नाही, हे कुणीतरी सांगायला हवं.

इनहेलरचंच बघा. आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश आत ओढायला लागताच कळ दाबायची आणि साधारण दहा सेकंद श्वास रोखायचा. पुष्कळ जण आधी दाबतात, मग श्वास घेतात. औषध जिभेवर आणि घशातच बसतं, फुप्फुसापर्यंत फारच थोडं पोचतं. दमा आटोक्यात येत नाही, पुढच्या भेटीत डोस वाढतो. रुग्ण रोज न चुकता औषध ‘घेत’ असतो, त्यामुळे खरी अडचण कुणाच्या लक्षातच येत नाही.

त्यात डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी 40 ते 80 टक्के गोष्टी रुग्ण लगेच विसरतात. निदान ऐकून धसका घेतलेल्या माणसाच्या डोक्यात पथ्याची यादी कुठे शिरणार! आणि शेवटी प्रश्न येतो, ‘समजलं ना?’ त्यावर ‘नाही’ म्हणायला मोठं धैर्य लागतं. अंगावर रुग्णालयाचे कपडे, बाहेर रांग, समोर घाईतले डॉक्टर. माणूस मान डोलावतो.

यावर साधा उपाय आहे, रुग्णाकडूनच ऐकायचं. ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, सांगता का?’ या प्रश्नात परीक्षा सांगणाऱ्याची होते, रुग्णाला लाज वाटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या मधुमेही रुग्णांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून केलेला अभ्यास 2003 मध्ये आला. डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी फक्त 12 टक्के गोष्टींबाबत ‘रुग्णाला कळलं का’ हे विचारलं गेलं होतं. जिथे विचारलं, तिथल्या रुग्णांची साखर जास्त आटोक्यात दिसली आणि भेटी लांबल्याही नाहीत.

हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाला घरी सोडताना ‘वजनावर लक्ष ठेवा’ म्हटलं जातं. त्याला वाटतं, जाड व्हायचं नाही. खरं कारण वेगळं आहे: हृदय नीट पंप करेनासं झालं की शरीरात पाणी साठतं, आणि ते सूज किंवा धाप यायच्या आधी बऱ्याचदा काट्यावर दिसतं. म्हणून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कळवायचं. कुणाला, कोणत्या नंबरवर, हे रुग्णाने रुग्णालयातल्या पलंगावरून उठण्याआधी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं असावं. सोबत घरचं माणूस असेल तर त्यानेही.