बित्चू मात्सुयामा किल्ला

बित्चू मात्सुयामा हा जपानच्या ओकायामा प्रांतातला, ताकाहाशी गावाच्या डोक्यावरचा डोंगरी किल्ला. किल्ल्यातल्या मुख्य मनोऱ्याला तिकडे तेन्शु म्हणतात. असे जुने, ओरिजनल तेन्शु सगळ्या जपानात 12 च उरलेत आणि त्यातला सगळ्यात उंचावरचा हा, 430 मीटरवर. गाग्यू डोंगरावर 1240 मध्ये आकिबा शिगेनोबूने पहिली गढी बांधली, मग मालक बदलत गेले, 1575 ला मोरी घराण्याने मिमुरा घराण्याकडून तो जिंकला, आणि आज दिसतो तो बराचसा मिझुनोया कात्सुमुनेने 1681 ते 83 मध्ये करून घेतलेला.

हिमेजी या जपानच्या प्रसिद्ध भव्य किल्ल्याचे फोटो बघून गेलात तर तेन्शु बघून हिरमोड होईल, जेमतेम दोन मजली आहे. खरी गंमत खाली महादरवाज्यापाशी. दरवाज्याची इमारत आता नाही पण जागा बघा, एका अंगाला दहा मीटरहून उंच सरळसोट कातळ, त्या कातळावरच रचलेला दगडी तट, त्यावर मातीची भिंत, आणि वाट नेमकी तिथेच काटकोनात वळते, म्हणजे चढून धापा टाकत आलेला शत्रू वळणावर गर्दी करून उभा आणि वरून मारा चालू. आपल्या गडांवर फिरलेल्याला हे लगेच कळेल. भिंतीला जंग्या, म्हणजे आतून मारा करायची भोकं, आहेत, उभ्या चौकोनी बाणांसाठी आणि गोलसर बंदुकीसाठी. थोडक्यात बांधणाऱ्यांनी डोंगराशी झटापट केली नाही, त्याने दिलेलं तेवढं वापरलं.

तेन्शुच्या आत जमिनीत लांबट चूल आहे, वेढा पडला तर स्वयंपाक आणि शेकोटी दोन्ही तिथेच. शेजारी सरदाराच्या कुटुंबासाठी थोडी उंच खोली, तिच्या जमिनीखाली दगड भरलेत, खालून निन्जा घुसू नये म्हणून असं सांगतात. एरवी सरदार वर राहतच नव्हता, रोज कोण चढणार! वाडा आणि कचेरी पायथ्याला होती, तिथे आता हायस्कूल आहे.

1873 च्या, किल्ले मोडीत काढायच्या सरकारी हुकुमानंतर किल्ला विकला गेला, पण एवढ्या उंचावर पाडापाडीला कोणी गेलंच नाही, नुसता मोडकळीला आला. 1940 च्या सुमाराला दुरुस्ती झाली तेव्हा कौलं शाळेच्या पोरांनी पाठीवरून वर नेली.

किल्ला ढगांवर तरंगतोय असा एक फेमस फोटो आहे, तो मात्र किल्ल्यावरून मिळत नाही, समोरच्या डोंगरावर व्ह्यू पॉइंट आहे तिथे पहाटे जावं लागतं, सप्टेंबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत.