बर्फ मोजायचा इंचांत, फेकायचा टनांत

पहाटे साडेपाचच्या सुमारास खिडकीची तावदानं थरथरली की समजायचं, टाउनचा प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ पात्याने ढकलणारा ट्रक, येऊन गेला. रस्ता चकाचक. आणि आपल्या ड्राइव्हवेच्या, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतच्या गाडीच्या वाटेच्या तोंडाशी, जिथे घराची हद्द रस्त्याला भिडते तिथे, मांडीएवढा उंच, करड्या ढेकळांचा बांध. ड्राइव्हवेवरचा बर्फ आभाळातून पडलेला, भुसभुशीत. हा बांध मात्र रस्त्यावरून खरवडून आपल्या दारात आणून टाकलेला. स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून दूर फेकणारं यंत्र, घ्यायचा तो या बांधासाठी, हे कळायला मला एक हिवाळा आणि एक यंत्र वाया घालवावं लागलं.

आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेला राहतो. इथला बर्फ ही ईरी सरोवराची कृपा. नोव्हेंबरात सरोवराच्या पाण्यात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. त्यावरून कडक गार हवा वाहत आली की ती खालून वाफ उचलते आणि किनारा लागल्यावर सगळं ओझं उतरवते. ताम्हिणीत धो धो आणि पुण्यात नुसती भुरभुर, तसाच प्रकार. फक्त डोंगररांगेऐवजी इथे ढगांचा एक अरुंद पट्टा ठरवतो की कोणाच्या दारात किती. नोव्हेंबर 2022 मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला काही दिवसांत 80 इंच, म्हणजे दोन मीटर बर्फ पडला आणि तिथल्या स्टेडियममधला अमेरिकन फुटबॉलचा सामना डेट्रॉइटला हलवावा लागला.

हवामानाच्या बातम्यांत बर्फ इंचांत सांगतात. यंत्राच्या खोक्यावरही ‘इतक्या इंचांपर्यंत’ असंच छापलेलं असतं. इथेच फसगत होते. इंच ही उंची झाली, आणि यंत्राला झुंजायचं असतं वजनाशी. ताजा, कोरडा बर्फ घनमीटरला 50 ते 100 किलो भरतो, कारण त्यात बहुतेक हवाच असते. एक-दोन दिवस बसलेला बर्फ 200 ते 300 किलो. प्लाऊने ढकललेला, रस्त्यावर टाकलेल्या मिठाने अर्धवट वितळलेला बांध सहज 400-500 किलोंपर्यंत जातो.

आमचा ड्राइव्हवे सहा मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब आहे. त्यावर 30 सेंटिमीटर ताजा बर्फ पडला की 27 घनमीटर होतो. घनमीटरला 100 किलो धरले तर 2,700 किलो. आता बांध बघा. सहा मीटर लांब, एक मीटर रुंद, 60 सेंटिमीटर उंच. जेमतेम साडेतीन घनमीटर, पण 450 किलोंच्या हिशेबाने वजन सोळाशे किलोंवर. म्हणजे शेवटच्या एका मीटरमध्ये उरलेल्या अख्ख्या ड्राइव्हवेच्या निम्म्याहून जास्त वजन.

आणि प्रश्न नुसत्या वजनाचा असता तरी भागलं असतं. तो बांध तासागणिक घट्ट होत जातो. चौपाटीवरचा गोळेवाला बर्फ किसतो, तळहातात दाबतो आणि तो सुटा कीस काडीला धरून बसतो. त्यात गोंद नसतो. बर्फाचे कण एकमेकांना टेकले की स्पर्शाच्या जागी बर्फाचीच बारीक मान तयार होते आणि कण जोडले जातात. थंडीत हे कसं घडतं, असं वाटेल. पण उणे पाच अंश आपल्यासाठी थंड, बर्फासाठी नाही. निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर त्या तापमानाला बर्फ आपल्या वितळणबिंदूच्या 98 टक्क्यांवर असतो. लोखंडाला या स्थितीला न्यायचं तर 1,500 अंश सेल्सिअस लागतील. बर्फाच्या लेखी दाराबाहेर लोहाराची भट्टीच पेटलेली आहे, आणि कण एकमेकांना सांधले जाणारच. प्लाऊ त्या कणांचा चुरा करतो, त्यामुळे स्पर्शाच्या जागा वाढतात आणि सांधणं वेगाने होतं. म्हणून पहाटे सातला फावड्याने फुटणारा बांध संध्याकाळी ऑफिसातून परतेपर्यंत पहारीशिवाय हलत नाही.

फावड्याने व्यायाम होतो, असं म्हणणारे शेजारी मला भेटलेत. कॅनडातल्या क्युबेकमधल्या तीसहून जास्त वर्षांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला: 20 सेंटिमीटर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने जास्त. अभ्यास बर्फवृष्टीचा होता, प्रत्येकाच्या हातात फावडं होतं का हे त्यात मोजलेलं नव्हतं; पण संशय फावड्यावरच आहे. थंडीने आवळलेल्या रक्तवाहिन्या, हातांवर येणारा जोर, श्वास रोखून मारलेला झटका. गंमत अशी की मुख्य संशोधिकेचं आडनाव आणि स्नो ब्लोअरमधल्या बर्फ ओढणाऱ्या मळसूत्राचं इंग्रजी नाव यांचं स्पेलिंग एकच आहे. यंत्राचं ते ऑगर. फ्रेंचमध्ये आडनावाचा उच्चार मात्र होतो ‘ओझे’.

आता यंत्राकडे. नावात ब्लोअर असला तरी तो फुंकत नाही, फेकतो. मॉन्ट्रियलच्या आर्थर सिकार्डने 1925 मध्ये पहिलं चालतं यंत्र बनवलं. शेतातलं मळणीयंत्र बघून त्याला ते सुचलं, असं सांगतात. ऑगर बघितलं की पटतं.

माझं पहिलं यंत्र सिंगल स्टेज होतं. त्यात रबराची पाती लावलेला एकच रोटर जमिनीला घासत फिरतो. तोच बर्फ खरवडतो आणि तोच फेकतो. हलकं, स्वस्त, डांबर अगदी पुसून काढतं. पंधरा-वीस सेंटिमीटर ताज्या बर्फात मजा येते. बांधाला भिडलं की रबर ढेकळांवरून घसरतं, रोटर मंदावतो आणि इथे गणित आडवं येतं. फेकीचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. वेग निम्मा झाला की बर्फ पाव अंतरावर पडतो, म्हणजे आपल्याच पुढ्यात. मग तोच बर्फ पुन्हा उचला. खडीचा ड्राइव्हवे असेल तर या प्रकाराचं नावही काढू नका, खडे गोळ्यांसारखे सुटतात.

टू स्टेजमध्ये कामं वाटलेली असतात. पुढचं लोखंडी, दातेरी ऑगर सावकाश फिरत ढेकळं फोडतं आणि मधोमध सरकवतं. मागचा इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, मिनिटाला हजारेक फेरे घेत फेकतो. तीस सेंटिमीटर व्यासाचा इम्पेलर असेल तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला पंधरा-सोळा मीटर होतो. हवेचा विरोध नसता तर बर्फ 25 मीटर गेला असता. प्रत्यक्षात दहा-बारा मीटर गेला तरी शेजाऱ्याची मेलबॉक्स गाठतो, म्हणून नळीचं तोंड फिरवता येणं ही चैन समजू नये. खालच्या सरकपट्ट्या वरखाली करून खडीपासून अंतरही राखता येतं.

ताकद किती हवी? मिनिटाला एक टन बर्फ सेकंदाला बारा मीटर वेगाने फेकायला नुसत्या गतिज ऊर्जेपुरते सव्वा किलोवॅट लागतात. ढेकळं फोडणं, घर्षण आणि चाकं यांत त्याहून जास्त जातं. म्हणून अडीचशे सीसीचं इंजिन, बुलेटपेक्षा लहानच, इथे पुरेसं पडतं. दुकानदार रुंद यंत्र गळ्यात मारायला बघतो. माझा सल्ला: इंजिन तेच असेल तर 28 इंचांऐवजी 24 इंचांचं घ्या. ताजा बर्फ काढताना एक-दोन फेऱ्या जास्त होतील, पण बांधात प्रत्येक इंचाला जोर जास्त मिळेल.

बॅटरीवर चालणारी यंत्रं शांत असतात आणि लहान ड्राइव्हवेला चांगली. पण एका बॅटरीत साधारण 0.4 किलोवॅट-तास मावतात, आणि एक लिटर पेट्रोल छोट्या इंजिनातून गळती वजा जाता दोन देऊन जातं. थंडीत लिथियमचे आयन रेंगाळतात, बॅटरी लवकर मान टाकते. तिला स्वयंपाकघरात ठेवा, गॅरेजमध्ये नको. शून्याखाली चार्ज केलं तर लिथियम धातू होऊन इलेक्ट्रोडवर साचतो आणि बॅटरी कायमची अधू होते.

खरेदीच्या वेळी शीअर पिनची दोन-चार जोडी जादा घ्या. ऑगर ज्या खिळीने दांड्याला जोडलेलं असतं, ती मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. घरातला फ्यूजच म्हणा. रविवारचं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं वर्तमानपत्र बर्फाखाली गाडलं गेलं होतं, ते माझ्या ऑगरने गिळलं. टक्क आवाज झाला, अर्धं ऑगर थांबलं, गिअरबॉक्स वाचला. त्या जागी हाताशी आलेला पोलादी बोल्ट ठोकणारा माणूस पुढच्या वेळी गिअरबॉक्स विकत घेतो.

वितळणबिंदूच्या आसपासचा ओला बर्फ नळीत भिजवलेल्या रव्यासारखा चिकटतो. तेव्हा हात घालायचा मोह होतो. अमेरिकेत दरवर्षी हजारो लोक याच मोहापायी बोटं जायबंदी करून घेतात, आणि त्यांतल्या काहींनी इंजिन आधी बंद केलेलं असतं. अडकलेल्या इम्पेलरमध्ये ताण साठलेला राहतो; अडसर निघाला की तो अर्धा फेरा मारतो. यंत्राबरोबर प्लॅस्टिकची काठी येते, ती त्यासाठीच.

यंत्र बदलल्यावर बांध फुटायला लागला. तो लहान कसा करायचा, हे मात्र समोरच्या आजोबांनी दाखवलं. रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि प्लाऊ यायच्या आधी ड्राइव्हवेच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेला तीन-चार मीटरचा खिसा साफ करून ठेवायचा. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपल्या बाजूचा प्लाऊ डावीकडून येतो. पात्यावरचा बर्फ तो आधी त्या खिशात रिकामा करतो. आपल्या तोंडाशी येईपर्यंत पात्यावर फारसं काही उरलेलं नसतं.