ॲनिमियामुक्त भारत

ॲनिमियामुक्त भारत : माता, बालके व किशोरवयीन मुलामुलींमधील रक्तक्षय कमी करण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये सुरू केलेला कार्यक्रम.

गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन डेसीलिटरमागे ११ ग्रॅमच्या खाली असले की रक्तक्षय, ७ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय मानतात. गावाकडे याला ‘अंगात रक्त कमी’ म्हणतात. धाप, थकवा, चक्कर हे सारे बाईच्या जातीला चालायचेच, असे समजून घरचे दुर्लक्ष करतात. बाळंतपणात रक्तस्राव झाला की तेच जिवावर बेतते. आईची उणीव बाळाकडेही जाते. बाळ जन्मापूर्वीच्या शेवटच्या महिन्यांत आईकडून लोह साठवते आणि ती पुंजी साधारण सहा महिने पुरते. म्हणूनच जन्मानंतर नाळ लगेच न बांधता, तिच्यातले रक्त बाळाला मिळावे म्हणून काही मिनिटे थांबण्यावर कार्यक्रमाचा भर आहे.

सहाव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा लोहाचे सिरप देतात. पुढे शाळकरी मुलांना आठवड्याला गुलाबी, किशोरवयीनांना निळी गोळी मिळते. गरोदर स्त्रीने चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लाल गोळी घ्यायची असते (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल). बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. जोडीला जंतनाशक गोळी, कारण अंकुशकृमी आतड्यातले रक्त शोषतात.

लोहगोळ्या देशात १९७० पासून वाटल्या जात आहेत. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील मुलांमधील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मधील ५८.६ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ६७.१ टक्क्यांवर गेले. गरोदर स्त्रियांमध्ये ते ५२.२ टक्के होते. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबावरची ही मोजणी थोडी फुगलेली असू शकते, पण त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा अधिक बोलका आहे : १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता अवघ्या २६ टक्के. खरी गळती वाटप आणि सेवन यांच्या मध्ये आहे. गोळीने मळमळते, शौचास काळी होते, बद्धकोष्ठ होतो. ‘बाळ काळे होईल’ अशी भीतीही असते. हे आधी सांगितले नाही तर पाकीट फळीवरच राहते. गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी जाणवते. चहा आणि कॅल्शियमची गोळी मात्र तिच्याबरोबर नको. लिंबू, आवळा चालतो. हे पुन्हापुन्हा सांगण्याचे काम आशाताई आणि अंगणवाडी सेविका करतात.

प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आणि मलेरियाही कारणीभूत असतात. तिथे आधी तपासणी, मग उपचार हाच क्रम हवा.