वॉरंटी गेली की फक्त क्लेम नाकारला?

गाडीवर भरपूर काम करून घेतलेलं असावं आणि गिअरबॉक्सने मान टाकावी, की मुंबईतल्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं: "सर, गाडी मॉडिफाइड आहे, वॉरंटी व्हॉइड झाली." सल्लागार हे इतक्या सहज बोलतो की मालक पुढे काही विचारतच नाही. एस्टिमेट लाखाच्या पुढे गेलेलं असतं, तो मान खाली घालून सही करतो.

खरं तर त्या एका वाक्यात दोन वेगळे निर्णय कोंबलेले असतात. पहिला: या गिअरबॉक्सचा खर्च कंपनी करणार नाही. दुसरा: गाडीवरची उरलेली वॉरंटीही संपली, उद्या एसीचा कॉम्प्रेसर बसला किंवा पॉवर स्टीअरिंगने दगा दिला तरी तुमचं तुम्ही बघा. पहिल्यात एक क्लेम नाकारला जातो, दुसऱ्यात करारच मोडीत निघतो. काउंटरवरच्या माणसाला बहुतेक वेळा पहिलंच म्हणायचं असतं, पण तो बोलतो दुसरं.

क्लेम नाकारण्याचा सगळा खेळ कारणावर चालतो. तुम्ही केलेल्या बदलामुळेच हा भाग गेला का? फोक्सवॅगन समूहाचा सात गिअरांचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), म्हणजे डीक्यू२००, हे यासाठी चांगलं उदाहरण आहे. त्याची टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद, पेलण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर. आपल्याकडे व्हर्टस, टायगुन, स्लाविया या गाड्यांत जे १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन त्याला जोडून येतं, त्याचा टॉर्कही २५० न्यूटन मीटरच. म्हणजे कारखान्यातून निघतानाच गिअरबॉक्स आपल्या मर्यादेच्या काठावर उभा असतो. त्यावर स्टेज वन रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला पहिल्या पातळीचा बदल) चढवला की आकडा सहज तीनशेच्या आसपास जातो. ड्राय क्लचला थंड करायला तेल नसतं. जादा टॉर्कखाली तो घसरतो, घसरण्याने तापतो, तापला की लायनिंग झिजतं आणि गिअर टाकताना गाडी धक्के द्यायला लागते. असा जळलेला क्लच घेऊन रिमॅप केलेली गाडी वॉरंटीत गेली आणि कंपनीने क्लेम नाकारला, तर माझ्या मते कंपनीचं चूक नाही. रागवायचं असेल तर "काही होत नाही भाऊ" म्हणणाऱ्या ट्यूनरवर रागवा. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमधली टॉर्क लिमिटसुद्धा वाढवून घेतली असेल, तर वाद घालायला काही उरतच नाही.

पण त्याच गिअरबॉक्सचा मेकाट्रॉनिक युनिट गेला तर? हायड्रॉलिक दाब सांभाळणारा तो इलेक्ट्रॉनिक मेंदू रिमॅपचं नावही न ऐकलेल्या गाड्यांतही बिघडलेला आहे. २०१३ साली चीनमध्ये याच समूहाला डीएसजीच्या दोषांसाठी ३ लाख ८४ हजारांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्या काही ट्यून केलेल्या गाड्या नव्हत्या. तेव्हा "मॉडिफाइड आहे" एवढं उत्तर इथे अपुरं पडतं. कुठला बदल, कुठला भाग, आणि एकाने दुसऱ्याचं नुकसान कसं केलं, ही साखळी कंपनीने दाखवायला हवी. एक्झॉस्ट बदलला म्हणून मेकाट्रॉनिकमधला सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) जळत नाही. मात्र कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दिवे आणि अँप्लिफायर बसवताना कोणी मूळ वायरिंग कापून जोड मारले असतील, तर इलेक्ट्रॉनिक बिघाडाचा संबंध तिथे जोडता येतो. खाली केलेलं सस्पेन्शन ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यांचा कोन बदलतं, मोठी चाकं गिअरबॉक्सवरचा भार वाढवतात. प्रत्येक बदलाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. भरपूर बदल केलेल्या गाडीची खरी पंचाईत हीच, कारण संशयित एक नसतो, दहा असतात.

मुंबईत आणखी एक गुंता आहे. संध्याकाळी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर अंधेरी ते बोरिवली पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणाऱ्या संपूर्ण स्टॉक, म्हणजे काहीही बदल न केलेल्या, गाडीचाही ड्राय क्लच तापतो आणि झिजतो. उघडलेला क्लच दोन्हीकडे सारखाच निळा-काळा दिसू शकतो. रिमॅपने झालेली झीज आणि ट्रॅफिकने झालेली झीज नुसत्या नजरेने वेगळी काढता येत नाही, त्यासाठी डेटा लागतो. शिवाय क्लचला बऱ्याच कंपन्या झिजणारा भाग धरतात आणि वॉरंटीत मर्यादित कव्हर देतात किंवा देतच नाहीत. म्हणजे क्लेम मॉडिफिकेशनविनाही फेटाळला गेला असता, आणि मालक मात्र रिमॅपलाच दोष देत बसतो. जुलैमध्ये हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात गाडी घातली आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून पाणी शिरलं, तर तो विषय वॉरंटीचा नाहीच, विम्याचा आहे. उलट, साध्या यांत्रिक बिघाडाला मोटार विमा पैसे देत नाही.

डेटाचा विषय निघालाच आहे तर आवडता उपाय बघू: सर्व्हिसला जाण्याआधी इंजिनाच्या सॉफ्टवेअरची फाइल परत स्टॉक करून घेणे. बऱ्याच कंट्रोलरमध्ये किती वेळा फ्लॅशिंग झालं, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने भरलं गेलं, याचा काउंटर असतो, स्टॉक फाइल टाकली म्हणून तो मागे जात नाही. प्लग काढून ठेवता येणाऱ्या ट्यूनिंग बॉक्सने काउंटर वाढत नाही, पण बिघाडाच्या क्षणी साठवलेल्या नोंदीत (फ्रीझ फ्रेममध्ये) बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, किंवा टॉर्कचे न जुळणारे आकडे राहू शकतात. लपवाछपवी सापडली की एरवी सौम्य राहिला असता तो सर्व्हिस सेंटरचा माणूससुद्धा नियमावर बोट ठेवतो, आणि पुढे तक्रार केलीत तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता दुसरा निर्णय, पूर्ण वॉरंटी रद्द करण्याचा. तो कारणावर नाही, कलमावर उभा असतो. ग्लव्ह बॉक्समधलं वॉरंटी बुकलेट काढा आणि शब्द नीट वाचा. "बदलामुळे झालेल्या नुकसानीला वॉरंटी लागू नाही" असं असेल तर बाकीची गाडी अजून वॉरंटीत आहे. "बदल केल्यास वॉरंटी संपुष्टात येईल" असं असेल तर कंपनीच्या हातात मोठं हत्यार आहे. एक्स्टेंडेड वॉरंटी बहुधा स्वतंत्र करार असतो, कधी विमा कंपनीच्या पाठबळावरचा, त्याच्या अटी निराळ्या. अमेरिकेतल्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस या वॉरंटीविषयीच्या कायद्याचा हवाला देत भांडणारे लोक आपल्याकडेही भेटतात. तो कायदा अमेरिकेचा आहे, अंधेरीच्या वर्कशॉपमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

आरटीओची परवानगी हाही गैरसमजाचा अड्डा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याविषयीचं) पाळून, मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून, आरसीवर नोंद करून घेतली, तर रस्त्यावर तुम्ही कायदेशीर आहात. पण तेवढ्यावरून कंपनीची वॉरंटी शाबूत राहतेच असं नाही. आणि उलट बाजूने, एखादा बदल बेकायदा आहे एवढ्यावरून गिअरबॉक्स त्यानेच गेला हेही सिद्ध होत नाही.

दाद कुठे मागायची हेसुद्धा या फरकावर ठरतं. क्लेम चुकीचा नाकारला असं म्हणणं असेल आणि गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पण मुळात ते कलमच अन्यायकारक आहे, एका बदलासाठी सगळी वॉरंटी काढून घेणं एकतर्फी आहे, असा तुमचा मुद्दा असेल तर अनुचित करार या सदराखाली राज्य आयोगाची पायरी चढावी लागते. ती लढाई जास्त अवघड, वकिलाशिवाय करू नये असं मला वाटतं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघायला काहीच हरकत नाही.

काउंटरवर मात्र भांडू नका, लेखी मागा. "कुठल्या कलमाखाली, कुठल्या बदलामुळे, कुठला भाग नाकारताय, आणि गाडीची उरलेली वॉरंटी चालू आहे का?" एवढा ईमेल पुरे. सोबत डायग्नॉस्टिक रिपोर्टची प्रत मागा. आणि रिपेअरला हो म्हणण्याआधी काढलेला क्लच किंवा मेकाट्रॉनिक तुमच्या ताब्यात द्यायला सांगा. आयोगाला तो भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येतो, पण तोवर तो भंगारात गेला असेल तर तपासायचं काय?