अपहृतांसाठीच्या समाजमाध्यम मोहिमा : लोकांचे लक्ष टिकवण्याची पद्धत

अपहरण झालेल्या किंवा ओलीस ठेवलेल्या व्यक्तीच्या सुटकेसाठी तिचे कुटुंबीय, सहकारी अथवा नागरिक समाजमाध्यमांवर मोहीम चालवतात. पहिला गलबला ओसरल्यावरही लोकांचे लक्ष त्या व्यक्तीवरून हटू नये, यासाठी केल्या जाणाऱ्या प्रयत्नांचा विचार या नोंदीत केला आहे. मोहीम सुरू करणे अवघड नसते. फोटो, नाव आणि एक हॅशटॅग एवढ्यावर पहिला आठवडा निघतो, कारण बातमी ताजी असते आणि हळहळही ताजी असते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि तेव्हा भावनेपेक्षा दिनदर्शिका व वहीखाते अधिक उपयोगी पडतात.

लक्ष ओसरण्याला माणसांचा विसरभोळेपणा हे एकच कारण नाही. अमेरिकी अभ्यासक अँथनी डाऊन्स यांनी १९७२ मध्येच सार्वजनिक प्रश्नांवरील लक्षाचे चक्र मांडले होते : धक्का, उत्साह, उपायाला किती किंमत पडेल याची जाणीव, आणि मग हळूहळू पाठ फिरवणे. समाजमाध्यमांनी हे चक्र आणखी आवळले. सध्या कशाची चर्चा आहे हे दाखवणारी ट्रेंडची यादी एकूण चर्चा किती झाली यापेक्षा चर्चा किती अचानक वाढली याला महत्त्व देते. त्यामुळे रोज सारख्याच निष्ठेने होणाऱ्या पोस्टी त्या यादीच्या लेखी जवळजवळ नसल्यासारख्याच असतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हरवलेल्या मुलाचा फोटो दुपारपर्यंत पाण्याच्या टँकरच्या आणि लिफ्टच्या दुरुस्तीच्या निरोपांखाली गाडला जातो.

यावरचा उपाय समाजमाध्यमांच्या आधीपासून माहीत आहे. अर्जेंटिनात बेपत्ता झालेल्यांच्या माता १९७७ पासून दर गुरुवारी ब्वेनस आयरिसच्या प्लाझा दे मायो चौकात जमत आल्या. तेहरानमध्ये १९७९ साली अमेरिकी वकिलातीतील लोक ओलीस धरले गेले, तेव्हा वॉल्टर क्राँकाइट हे वृत्तनिवेदक बातमीपत्राच्या शेवटी ओलिसांचा कितवा दिवस आहे ते सांगत. तो आकडा ४४४ पर्यंत गेला. मुंबई दूरदर्शनवरील हरवलेल्या व्यक्तींची ‘आपण यांना पाहिलंत का?’ ही निवेदने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ठरलेल्या जागी येणाऱ्या चेहऱ्याची ताकद वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. नवीन सांगण्यासारखे काहीच नसलेल्या दिवशीही ‘आज अमुकावा दिवस’ एवढे तरी सांगता येते.

समाजमाध्यमांच्या काळातील सर्वांत परिचित उदाहरण नायजेरियातील चिबोकचे आहे. १४ एप्रिल २०१४ च्या रात्री बोको हराम या दहशतवादी संघटनेने तेथील शाळेतून २७६ मुली पळवल्या. ‘ब्रिंग बॅक अवर गर्ल्स’ (आमच्या मुली परत आणा) हा हॅशटॅग काही आठवड्यांत जगभर पोहोचला आणि मे महिन्यात अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मिशेल ओबामा यांनीही तो लिहिलेला फलक हातात धरला. जगाचा रस यथावकाश आटला. राजधानी अबुजाच्या युनिटी फाउंटनपाशी रोज बसणारे कार्यकर्ते मात्र दिवस मोजत राहिले. ऑक्टोबर २०१६ मध्ये २१ आणि मे २०१७ मध्ये ८२ मुली सुटल्या, त्या वाटाघाटींतून. हॅशटॅगने मुली सोडवल्या असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, परंतु सरकारला हा विषय फाइलबंद करता आला नाही, यात त्या रोजच्या बैठकीचा वाटा नाकारता येत नाही. याच मोहिमेत एक गफलतही झाली. खूप फिरलेल्या काही छायाचित्रांतील मुली चिबोकच्या नव्हत्याच. ती छायाचित्रे एका छायाचित्रकाराने गिनी-बिसाऊमध्ये पूर्वी काढली होती. विश्वास एकदा उडाला की पुढच्या खऱ्या फोटोकडेही लोक संशयाने पाहतात.

मुंबईतील एक घटना या संदर्भात फार बोलकी आहे. पश्चिम उपनगरातून जानेवारी २०१३ मध्ये पळवली गेलेली सात वर्षांची मुलगी ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे साडेनऊ वर्षांनी, आपल्या घरापासून फारशा लांब नसलेल्या वस्तीतच सापडली. तिच्यासोबत घरकाम करणाऱ्या बाईने इंटरनेटवर शोध घेतला तेव्हा २०१३ चे ‘हरवली आहे’ हे जुने पोस्टर समोर आले. त्यावर पाच फोन नंबर होते. चार बंद पडले होते. पाचवा एका शेजाऱ्याचा होता आणि तो लागला. ट्रेंड, हॅशटॅग, वाहिन्यांवरील चर्चा यांपैकी काहीही त्या घडीला कामाला आले नाही. कामाला आले ते इंटरनेटवर टिकून राहिलेले एक पान आणि सिमकार्ड न बदललेला एक माणूस. म्हणून पोस्टरवर तारीख व पोलीस ठाण्याचे नाव असावे आणि निदान एक नंबर वर्षानुवर्षे न बदलणारा असावा, ही सूचना क्षुल्लक मानू नये.

लक्ष नेहमीच हिताचे असते असेही नाही. मुंबई हे भारतीय नौवहनाचे केंद्र, नौवहन महासंचालनालयाचे ठिकाण. त्यामुळे समुद्री चाच्यांनी धरलेल्या खलाशांच्या घरची घालमेल या शहराने जवळून पाहिली आहे. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज सप्टेंबर २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी पळवले. एप्रिल २०११ मध्ये खंडणी मिळाल्यावर जहाज सोडले, पण १५ भारतीय खलाशांपैकी सात जणांना ठेवून घेतले, कारण भारताच्या कैदेत असलेल्या शंभराहून अधिक साथीदारांची सुटका त्यांना हवी होती. त्या सात जणांना घरी यायला २०१४ चा ऑक्टोबर उजाडला. अशा प्रकरणांत कंपन्या घरच्यांना गप्प राहायला सांगतात, कारण बोभाटा वाढला की ओलिसाची किंमत वाढते. या सल्ल्यात तथ्य आहे. पत्रकार डेव्हिड रोड यांचे नोव्हेंबर २००८ मध्ये अफगाणिस्तानात अपहरण झाले तेव्हा त्यांच्या वृत्तपत्राने सात महिने, ते स्वतः निसटून येईपर्यंत, मौन पाळले. मात्र दिवसांमागून महिने गेले आणि बोलणीच थांबली, की गप्प बसण्याचा फायदा फक्त जबाबदारी टाळणाऱ्यांना होतो. मौन कधी सोडायचे हे कुटुंबाने ठरवायचे असते. ग्रुपवरच्या उत्साही हितचिंतकांनी नव्हे.

दुसरा धोका महाराष्ट्राने रक्त सांडून अनुभवला आहे. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सॲपवर पसरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरत असलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील जनजागृतीची होती. तिचा खुलासा करणारा शेवट कापून ती पुढे पाठवली जात होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा चालक यांच्या हत्येमागेही चोर आल्याच्या अफवाच होत्या. तारीख नाही, ठिकाण नाही, गुन्हा कुठे नोंदवला ते नाही, असा निरोप अपहृताला शोधत नाही. तो संशयित शोधतो, आणि त्याला तो कुठेही सापडतो.

मोहीम बंद करण्याचीही रीत आहे. हरवलेल्या बालकाच्या प्रकरणात अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. मूल सापडल्यावर मात्र बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणी पॉक्सो या बालसंरक्षण कायद्याचे कलम २३ यांनुसार पीडित बालकाची ओळख जाहीर करता येत नाही. म्हणजे काल ज्या फोटोचा जितका प्रसार होईल तितका हवा होता, तोच आज उतरवायचा असतो. मूळ पोस्ट काढता येते. फॉरवर्ड झालेल्या प्रती काढता येत नाहीत. ‘सापडली’ हा निरोप ‘हरवली’ इतका वेगाने जात नाही, आणि घरी सुखरूप परतलेल्या मुलाच्या आईला त्यानंतरही कित्येक महिने अनोळखी नंबरांवरून फोन येत राहतात.