ब्रेक कॅलिपर धरून राहणे
डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती (डिस्क) कॅलिपर हा भाग घर्षण-पट्ट्यांनी (पॅड) दोन्ही बाजूंनी चिमटतो. पेडलवरचा पाय काढल्यावरही पॅड डिस्कला घासत राहण्याचा हा दोष. गॅरेजच्या बोलीत ‘चाक धरणे’ किंवा ‘ब्रेक चिकटणे’. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या जुन्या मोटारींत तो विशेष आढळतो.

डिस्क ब्रेकच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही लेखक एल्मर स्पेरी यांच्या १८९८ च्या सुमाराच्या विद्युत मोटारीला श्रेय देतात. तथापि फ्रेडरिक लँचेस्टर यांचे १९०२ चे ब्रिटिश एकस्व (पेटंट) अधिक ग्राह्य वाटते, कारण धातूची पातळ चकती दोन्ही बाजूंनी चिमटण्याची कल्पना त्यात स्पष्ट आहे. पहिले व्यापारी उत्पादन कोणते हाही वाद बराचसा व्याख्येचा आहे. क्रायस्लर इंपीरियलमधील १९४९ ची रचना चकत्यांची असली, तरी तीत कॅलिपर नव्हता. क्रॉस्ली हॉटशॉटमध्ये (१९४९-५० च्या सुमारास) तो होता. पण रस्त्यांवरील मिठाने गंजून तो अडकू लागला व ती रचना लवकरच सोडण्यात आली. प्रस्तुत दोष अशा रीतीने जवळजवळ कॅलिपरइतकाच जुना ठरतो. जॅग्वारचा ल मान्स येथील मोटार शर्यतीतील १९५३ चा विजय आणि सिट्रोएन डीएस (१९५५) यांनंतर डिस्क ब्रेक रुळले.

ऑइलच्या दाबाने पॅड पुढे ढकलणारा पिस्टन मागे आणण्यासाठी कॅलिपरमध्ये सहसा स्प्रिंग नसते. चौकोनी छेदाचे रबरी सील दाबाखाली पिस्टनबरोबर किंचित वाकते आणि दाब सुटला की पूर्ववत होताना त्याला मिलिमीटरचा काही अंश मागे ओढते. इतक्या थोड्या अंतराचा प्रश्न असल्याने गंजाचा पातळ थरही पिस्टन अडकवतो. ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, त्यामुळे गंज आतून चढतो. धूळरोधक बूट फाटला की बाहेरून. सरकत्या कॅलिपरात, तो ज्यांवर सरकतो त्या पिना कोरड्या पडल्या, तर आतला व बाहेरचा पॅड असमान झिजतो.

जॅकवर उचललेले चाक हाताला जड लागणे, रिम तापणे, गाडी एका बाजूला ओढणे ही लक्षणे परिचित आहेत. दोष नेमका कुठे, हे मात्र त्यांवरून कळत नाही. पेडल दाबून सोडावे व चाक धरलेले असतानाच ब्लीड निपल (कॅलिपरवरील, हवा काढण्याचा स्क्रू) सैल करावे. चाक तरीही जडच राहिले, तर पिस्टन किंवा पिना अडकल्या आहेत. ऑइल उसळून चाक मोकळे झाले, तर दाब कोंडलेला होता. अशा वेळी पुन्हा पेडल दाबून सोडावे आणि होजच्या (कॅलिपरकडे ऑइल नेणाऱ्या लवचीक नळीच्या) मास्टर सिलिंडरकडील, म्हणजे पेडलने ऑइलवर दाब आणणाऱ्या भागाकडील, टोकाचा सांधा सैल करावा. तेवढ्यानेही चाक सुटले, तर दोष मास्टर सिलिंडरच्या बाजूचा (पेडलपासून त्यात जाणाऱ्या दांडीला, म्हणजे पुशरॉडला, खेळ नसणे, ऑइल परतीचे छिद्र बुजणे). न सुटल्यास होज आतून फुगलेला समजावा. दाब पुढे जाऊ देऊन परत न सोडणारा असा होज बाहेरून धडधाकट दिसतो, आणि दोष नसलेला कॅलिपर बदलला जातो.

दुरुस्तीत पिस्टन ब्रेकच्याच दाबाने किंवा बेताच्या हवेने, समोर लाकडी ठोकळा ठेवून बाहेर काढतात. खड्डे पडलेला पिस्टन टाकून द्यावा. सीलची खाच स्वच्छ करणे अनेकदा राहून जाते. तिच्यात साचलेला गंज नव्या सीललाही आवळतो. पिनांना सिलिकोन ग्रीस लावावे. साधे खनिज ग्रीस रबर फुगवते. जुन्या पॅडच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते, ती फुंकू नये. शेवटी हवा काढून नवे ऑइल भरतात.

अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी यांना दीर्घकाळ ड्रम ब्रेकच असल्याने भारतात हा दोष तुलनेने उशिरा परिचयाचा झाला. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत गंज लवकर धरतो.