हापूसचा वास आणि तीस मीटरची नळी

एप्रिल उजाडला की पुण्यात मार्केट यार्डापासून कोथरूडच्या तात्पुरत्या स्टॉलपर्यंत 'केमिकलविरहित हापूस' असे फलक लागतात. आंबा कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेला नाही, एवढेच विक्रेत्याला म्हणायचे असते. आणि कार्बाइडने फळे पिकवण्यावर मुळात बंदीच असल्यामुळे आपण कायदा पाळतो यापलीकडे तो काही सांगत नसतो. फलकाचा शब्दशः अर्थ घेतला तर तो आंबा अस्तित्वातच येऊ शकणार नाही. पिकलेल्या हापूसच्या नुसत्या वासात टर्पीन, लॅक्टोन, फ्युरॅनोन अशा वर्गांतील अनेक संयुगे असतात, आणि पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी ती वेगळी करून ओळखलेली आहेत. हे ज्या तंत्राने साधते ते म्हणजे क्रोमॅटोग्राफी.

फिल्टर पेपरच्या पट्टीवर काळ्या स्केच पेनचा ठिपका काढून पट्टीचे खालचे टोक पाण्यात बुडवले, की पाणी वर चढते आणि काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे रंग सुटे होतात, हा प्रयोग बहुतेकांनी शाळेत पाहिलेला असतो. त्याचे स्पष्टीकरण मात्र पुष्कळदा 'हलके रेणू पुढे पळतात, जड मागे राहतात' असे दिले जाते, आणि ते चुकीचे आहे.

या प्रयोगात कागद ही स्थिर प्रावस्था आणि चढणारे पाणी ही चल प्रावस्था असते. रंगाचा प्रत्येक रेणू या दोहोंमध्ये सतत ये-जा करतो. कागदाला धरून असेपर्यंत तो जागचा हलत नाही आणि सुटून पाण्यात आला की पाण्याच्या वेगानेच पुढे जातो. पाण्यात असताना निळ्या आणि पिवळ्या रेणूंच्या वेगात फरक नसतो; फरक असतो तो थांबण्याच्या एकूण काळात. पालखीसोबत दाटीवाटीने चालणाऱ्या माणसाला गर्दीच्याच चालीने चालावे लागते, आणि मुक्कामी उशिरा पोहोचतो तो वाटेत जास्त वेळ बसलेला असतो, तसेच हे आहे.

आता एक द्रव्य निम्मा वेळ पाण्यात घालवते आणि दुसरे चाळीस टक्के, असे समजू. पाणी 10 सेंटिमीटर चढेल तेव्हा पहिले 5 सेंटिमीटरवर आणि दुसरे 4 सेंटिमीटरवर असेल. मधले अंतर 1 सेंटिमीटरचे; पण तोवर प्रत्येक ठिपका 2 सेंटिमीटर रुंद पसरला असेल, तर दोन्ही एकमेकांत मिसळलेलेच दिसतील. त्याच वेगाने प्रवास चौपट लांबवला, तर ठिपके 20 आणि 16 सेंटिमीटरवर येतील, म्हणजे अंतरही चौपट होईल. पसरटपणा मात्र यादृच्छिक हालचालींतून येतो आणि अशा हालचालींचा पसारा प्रवासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून तो दुपटीवर थांबेल. अंतर 4, रुंदी 4, ठिपके सुटे! क्रोमॅटोग्राफीचे सारे बळ या एका विषमतेत आहे, आणि मला तरी हे गणित रंगांपेक्षा देखणे वाटते.

मग प्रवास हवा तेवढा लांबवावा, असे वाटेल. पण प्रवाह फार सावकाश ठेवला तर रेणू स्वतःच्या विसरणाने पसरतात आणि फार वेगात ठेवला तर त्यांना दोन प्रावस्थांमध्ये ये-जा करायला पुरेसा अवधी मिळत नाही. यांतला सुवर्णमध्य शोधण्याचे समीकरण व्हॅन डीम्टर आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये मांडले. वायू क्रोमॅटोग्राफीत वापरली जाणारी नळी बहुधा 30 मीटर लांब असते, तिचा आतला व्यास पाव मिलिमीटर, आतून स्थिर प्रावस्थेचा पातळ लेप, आणि चल प्रावस्था म्हणून हेलियमसारखा वायू. ही नळी गुंडाळून एका तापनियंत्रित पेटीत बसवतात.

या तंत्राचा आरंभ 1903 मध्ये वॉर्सा येथे झाला. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने हिरव्या पानांचा अर्क कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीने भरलेल्या नळीतून उतरवून त्यातील रंगद्रव्यांचे पट्टे वेगळे केले. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची दखल घेण्यात जवळजवळ तीन दशके घालवली. पुढे 1941 मध्ये आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी दोन प्रावस्थांमधील विभागणीवर आधारलेली पद्धत मांडली. त्यांना 1952 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढे झाले तरी अजून काही 'ओळखलेले' नाही, हे ध्यानात घ्यावे. नमुना यंत्रात घातला की घटकांची नावे छापून येतात, असा समज सर्वत्र आढळतो. नळीच्या टोकाचा शोधक फक्त अमुक मिनिटाला काहीतरी बाहेर पडले, एवढेच नोंदवतो. तोच अवधी शुद्ध नमुन्यालाही त्याच परिस्थितीत लागला, तर ते द्रव्य तेच असण्याची शक्यता असते, खात्री नसते. म्हणून पुढे वस्तुमान वर्णपटमापक जोडतात. तो रेणू फोडून तुकड्यांचे वस्तुमान मोजतो. पण हापूसमधील मायर्सीन आणि ओसिमीन या दोघांचे रेणुसूत्र एकच आहे, रेणुवस्तुमान 136 आहे आणि त्यांचे तुकडेही बरेच सारखे पडतात. तिथे पुन्हा नळीतल्या अवधीकडेच वळावे लागते. दोन्ही साक्षी जुळल्या तरच नाव द्यायचे, अशी ही शिस्त आहे.

द्राक्षांच्या बाबतीत याचा व्यवहारी अर्थ 2010 मध्ये दिसला. बागायतदारांना 'सीसीसी' म्हणून परिचित असलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडवली गेली. तिथली मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम होती. हे द्रव्य क्षाररूप असल्यामुळे त्याची वाफ होत नाही, म्हणून वायूची नळी त्याच्या कामाची नाही. त्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफी लागते. शिवाय निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत ते नव्हते, आणि जे शोधायचेच ठरलेले नाही ते यंत्र आपणहून शोधत नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा असे अंश तपासते. तपासणी अहवालात 'आढळले नाही' असे लिहिलेले असते तेव्हा यादीतील ते द्रव्य मोजता येण्याच्या मर्यादेखाली होते, एवढेच वाचावे. ती मर्यादा किती होती आणि यादीत काय काय होते, हे त्याच अहवालात पाहावे लागते.